माहजाँग शिकायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षे मी हाँगकाँगमध्ये, कौलूनच्या बाजूला राहते. माहजाँग मला शेजारच्या आजींनी शिकवला. सगळी इमारत त्यांना 'पोपो' म्हणायची, म्हणजे आजीच. दर दिवाळीला नाशिकला येताना माझ्या बॅगेत चार-पाच किलोंचा माहजाँगचा संच असतो. घरच्यांना, मैत्रिणींना, भाचरांना शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे उत्तरांसकट लिहिते आहे. नियम हाँगकाँगच्या जुन्या पद्धतीचे आहेत. चिनी माहजाँगच्या कितीतरी पद्धती आहेत, पण नव्याने शिकायला हीच मला सर्वांत सरळ वाटते.

माहजाँग म्हणजे कॉम्प्युटरवर सारख्या जोड्या काढायचा खेळ ना?

नाही. तो एकट्याने खेळायचा वेगळा खेळ आहे. 1981 मध्ये ब्रॉडी लॉकार्ड यांनी 'प्लेटो' नावाच्या संगणक प्रणालीवर तो तयार केला. त्याने माहजाँगची फक्त चित्रे उचलली, खेळ नाही. खरा माहजाँग चार माणसे चौकोनी टेबलाभोवती समोरासमोर बसून खेळतात.

मला रमी येते. त्याचा काही उपयोग?

भरपूर. तेरा पानांची रमी येत असेल तर अर्धा माहजाँग आलाच म्हणा. इथेही हातात तेरा टाइल्स असतात. एक उचलायची, एक टाकायची, आणि हळूहळू हात जुळवत आणायचा. सिक्वेन्स आहे, सेट आहे. माझ्या आत्याने आयुष्यभर रमी खेळली आहे. तिला टाइल्सची ओळख करून दिल्यावर तासाभरात ती आमच्याबरोबर खेळू लागली.

पण रमीच्या काही सवयी सोडाव्या लागतात. रमीत बदाम, किलवर आणि चौकटच्या तीन सत्त्या मिळून सेट होतो. माहजाँगमध्ये असे चालत नाही. इथे सेट म्हणजे अगदी एकसारख्या तीन टाइल्स, कारण प्रत्येक टाइल संचात चार वेळा असते. रमीवाल्यांची पहिली चूक इथेच होते. सिक्वेन्स तीनचाच, चारचा किंवा पाचचा होत नाही. आपल्या पद्धतीत जोकर नाही. आणि मोठा फरक असा की कुणीही टाकलेली टाइल तुम्ही पाळी नसतानाही उचलू शकता, फक्त उचललीत की ते त्रिकूट सगळ्यांसमोर उघडे ठेवावे लागते.

संचात काय काय असते?

एकूण 144 टाइल्स. त्यांतल्या 108 तीन रंगांच्या. इथे 'रंग' म्हणजे इस्पिक-बदाम या अर्थाने. पहिला रंग गोल. ही जुनी नाणी आहेत असे मानतात. दुसरा बांबू. ह्या मुळात नाण्यांच्या माळा. चिनी नाण्यांना मधोमध भोक असायचे आणि ती दोऱ्यात ओवून ठेवत. तिसरा वान. 'वान' म्हणजे दहा हजार. म्हणजे तिन्ही रंग मिळून पैसाच मोजताहेत: सुटी नाणी, नाण्यांच्या माळा, आणि मग हजारो. प्रत्येक रंगात 1 ते 9, आणि प्रत्येक टाइल चार वेळा.

मग 28 मानाच्या टाइल्स: चार दिशांचे वारे, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर, आणि तीन ड्रॅगन, म्हणजे लाल, हिरवा आणि पांढरा. ह्याही प्रत्येकी चार. ह्यांचा सिक्वेन्स होत नाही, फक्त एकसारख्यांचे त्रिकूट होते. उरलेल्या आठ टाइल्स फुलांच्या आणि ऋतूंच्या. त्या एकेकच असतात.

संच हातात घ्याल तेव्हा दोन टाइल्स मुद्दाम बघा. बांबूचा एक्का. त्यावर बांबूची काडी नसते, पक्षी असतो, कुठे चिमणीसारखा तर कुठे मोरासारखा. नवीन माणूस त्याला फुलांच्या टाइल्समध्ये ठेवतो. दुसरी बांबूची अठ्ठी. तिच्यावरच्या काड्या वर एका दिशेने आणि खाली उलट्या दिशेने तिरक्या उभ्या असतात, जणू डोंगराचे पाण्यातले प्रतिबिंब. संचातली सर्वांत देखणी टाइल माझ्या मते तीच.

चिनी अक्षरे वाचता येत नाहीत. अडेल का?

दोन दिवस अडेल, मग नाही. गोल आणि बांबू मोजता येतात. वानच्या टाइलवर खाली तेच एक लाल अक्षर असते, आकडा वर. एक, दोन, तीन म्हणजे एक, दोन, तीन आडव्या रेघा. चार म्हणजे पडदे बाजूला केलेली खिडकी. आठ म्हणजे एकमेकींपासून दूर झुकलेल्या दोन रेघा. पाच, सहा, सात आणि नऊ एवढेच पाठ करायचे. वाऱ्यांची चार अक्षरे कागदावर काढून टेबलाजवळ ठेवा. बाहेरदेशी विकायच्या संचांवर कोपऱ्यात इंग्रजी आकडे असतात, ते सुरुवातीला सोयीचे पडतात. पण ते नसलेला संच मिळाला तर तोच घ्या, कारण आकडे दिसले की डोळे तिकडेच जातात आणि चित्रे कधीच ओळखीची होत नाहीत.

ड्रॅगनच्या टाइलवर ड्रॅगन कुठे आहे?

कुठेच नाही. ते नाव पाश्चात्त्यांनी दिलेले आहे. लाल टाइलवर 'मध्य' या अर्थाचे अक्षर असते. हिरव्यावर 'फा', ज्याचा संबंध भरभराटीशी जोडतात. पांढरी टाइल एकतर कोरी असते किंवा तिला निळी चौकट असते. नवीन वर्षाला इथे सगळे एकमेकांना ज्या भरभराटीच्या शुभेच्छा देतात, त्यातही हेच 'फा' आहे.

दिशा उलट्या का आहेत?

हा प्रश्न आपल्याकडचा प्रत्येक माणूस विचारतो, आणि बरोबरच आहे. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर हा क्रम आपल्या प्रदक्षिणेचाच. पण टेबलावर पूर्वेच्या उजव्या हाताला दक्षिण बसते, म्हणजे वरून पाहिले तर क्रम घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. नकाशाशी ताळा लावायला जाऊ नका. एवढेच लक्षात ठेवा की पाळी नेहमी उजवीकडे जाते, आणि तुमच्या आधीचा भिडू तुमच्या डाव्या हाताला असतो.

पूर्व हा त्या डावाचा मुख्य. पूर्वेचा डाव लागला तर तोच पुन्हा पूर्व. दुसऱ्या कुणाचा लागला तर पूर्वपद उजवीकडच्याकडे जाते. चौघेही एकदा पूर्व होऊन गेले की एक फेरी पुरी. पहिली फेरी पूर्व वाऱ्याची, मग दक्षिण, पश्चिम, उत्तर. पूर्ण खेळ म्हणजे निदान सोळा डाव. रविवारची दुपार त्यातच जाते.

भिंत कशी रचायची? वाटप कसे?

सगळ्या टाइल्स पालथ्या करून आठही हातांनी पिसायच्या. हा आवाज ऐकलात की विसरणार नाही. कॅन्टोनीजमध्ये खेळाला 'मा चेउक' म्हणतात, म्हणजे चिमणी, आणि टाइल्स पिसताना होणारा कलकलाट झाडावरच्या चिमण्यांसारखा असतो म्हणून हे नाव पडले असे पुष्कळ जण सांगतात. आता इथे बहुतेक ठिकाणी टाइल्स आपोआप पिसून भिंत वर आणून देणारी टेबले आली आहेत. शिकताना मात्र हातानेच पिसा. पिसता पिसता बोटांना टाइल्स ओळखीच्या होतात.

प्रत्येकाने आपल्यासमोर 18 टाइल्सची रांग करून तिच्यावर तेवढीच दुसरी रांग ठेवायची. चौघांच्या भिंती कोपऱ्याला जोडल्या की मधे चौक तयार होतो. पूर्व तीन फासे टाकतो. आलेली बेरीज स्वतःपासून उजवीकडे मोजायची. ज्याच्यावर मोजणी थांबेल त्याची भिंत फोडायची. त्या भिंतीच्या उजव्या टोकापासून तेवढ्याच जोड्या मोजून सोडायच्या आणि त्यांच्या डावीकडून टाइल्स उचलायला सुरुवात करायची. पूर्व आधी, मग क्रमाने बाकीचे, प्रत्येकी चार-चार अशा तीन वेळा. म्हणजे बारा झाल्या. शेवटी पूर्व वरच्या रांगेतल्या दोन उचलतो, एक पहिल्या जोडीची आणि एक तिसऱ्या जोडीची. बाकीचे एकेक घेतात. पूर्वेकडे चौदा, इतरांकडे तेरा.

हात पाहिल्याबरोबर फुलांच्या किंवा ऋतूंच्या टाइल्स बाहेर उघड्या ठेवायच्या आणि प्रत्येकीबद्दल भिंतीच्या मागच्या टोकाकडून एक उचलायची. मग पूर्व एक टाइल टाकतो आणि डाव सुरू होतो.

वाचताना हे किचकट वाटते. दोनदा हाताने केले की परत विचारावे लागत नाही.

पंग, चाऊ, काँग म्हणजे काय? कोण कुणाची टाइल घेऊ शकतो?

पंग म्हणजे एकसारख्या तीन. तुमच्या हातात दोन आहेत आणि कुणीही, अगदी समोरच्यानेही, तिसरी टाकली तर 'पंग' म्हणून घेता येते. मधल्यांची पाळी जाते.

चाऊ म्हणजे एकाच रंगाचा तीनचा सिक्वेन्स, जसे बांबू 4-5-6. चाऊसाठी टाइल फक्त डाव्या हाताच्या भिडूने टाकलेलीच घेता येते. हाँगकाँगच्या टेबलावर चाऊला 'सेउंग' म्हणताना ऐकाल, मुख्य भूमीवर 'छी', म्हणजे खाणे.

काँग म्हणजे एकसारख्या चार. गणतीत मात्र ते एकच त्रिकूट, म्हणून एक टाइल कमी पडते आणि भिंतीच्या मागच्या टोकाकडून एक जादा उचलायची. चारही तुम्ही स्वतःच उचललेल्या असतील तर काँग झाकलेला राहतो. उघड्या पंगाला स्वतः उचललेली चौथी जोडूनही काँग होतो. पण तेव्हा जपून, कारण त्याच टाइलवर दुसऱ्या कुणाचा डाव लागत असेल तर तो ती तुमच्या हातून घेऊ शकतो.

एकाच टाइलवर दोघांनी हक्क सांगितला तर डाव लागणारा पहिला, मग पंग आणि काँग, चाऊ सगळ्यात शेवटी. म्हणून चाऊ करायचा असेल तरी क्षणभर थांबा, कुणी 'पंग' म्हणतेय का बघा.

डाव लागला असे कधी म्हणायचे?

चार त्रिकुटे आणि एक जोडी. एकूण चौदा टाइल्स. चौदावी भिंतीतून आली किंवा दुसऱ्याने टाकली, दोन्ही चालते. डाव लागणारी टाइल कुणाकडूनही घेता येते, मग तिने चाऊ पुरा होत असला तरी. 'सिक वू' म्हणायचे आणि सगळा हात उघडा करायचा.

समजा तुमच्यासमोर लाल ड्रॅगनचा पंग उघडा आहे. हातात बांबू 2-3-4, बांबू 9-9-9, पूर्व वाऱ्याची जोडी, आणि बांबू 6-7. कुणीतरी बांबू 8 टाकला. झाला डाव.

या चौकटीबाहेरचा एक प्रसिद्ध हात आहे, तेरा अनाथांचा: तिन्ही रंगांचे एक्के आणि नव्व्या, चारही वारे, तिन्ही ड्रॅगन, आणि त्यांतल्या कुठल्याही एकीची जोडी. पहिल्या वाटपातच अशा नऊ-दहा टाइल्स वेगवेगळ्या आल्या तरच त्याच्या मागे लागा.

मोजणी फार अवघड आहे का?

ती पहिल्या दिवशी शिकायचीच नाही, एवढे माझे ऐका. शिकवणारे इथेच चुकतात. तक्ता समोर ठेवतात आणि माणूस घाबरतो. पहिले दहा डाव नुसते लावा. मग हे वाचा.

हाँगकाँगमध्ये हाताची किंमत 'फान'मध्ये मोजतात. कोणत्याही ड्रॅगनच्या पंगाला एक फान. तुमच्या जागेच्या वाऱ्याच्या पंगाला एक, चालू फेरीच्या वाऱ्याला एक. दोन्ही एकच असतील तर दोन. शेवटची टाइल स्वतः भिंतीतून उचलली तर एक. चारही चाऊ असतील तर एक. एकही फूल आले नाही तर एक, आणि आपल्या जागेच्या क्रमांकाचे (पूर्व 1, दक्षिण 2, पश्चिम 3, उत्तर 4) फूल आले तरी एक. चारही पंग असतील तर तीन. एकच रंग आणि सोबत मानाच्या टाइल्स असतील तर तीन. निव्वळ एकच रंग असेल तर सहसा सात.

वरच्या उदाहरणात फक्त बांबू आणि मानाच्या टाइल्स आहेत, म्हणून तीन. लाल ड्रॅगनचा एक. झाले चार. तुम्हाला एकही फूल आले नसेल तर पाच. बांबू 8 कुणी टाकण्याऐवजी तुम्ही स्वतः उचलला असता तर सहा.

पैसे किंवा गुण फानप्रमाणे वाढत जातात. प्रत्येक फानला दुप्पट होणाऱ्या तक्त्याला इथे 'पूर्ण तिखट' म्हणतात. चार फाननंतर दर दोन फानला दुप्पट होतो तो 'अर्धे तिखट'. पूर्ण तिखटात तीन फानचे 8 धरले तर चारचे 16, पाचचे 32. अर्ध्या तिखटात पाचचे 24.

एकही फान नसलेल्या हाताला 'कोंबडी' म्हणतात. बऱ्याच टेबलांवर निदान तीन फान झाल्याशिवाय डाव लावता येत नाही. म्हणून बसण्याआधी विचारायच्या दोन गोष्टी: कमीत कमी फान किती, आणि दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर डाव लागला तर पैसे फक्त टाकणारा देतो की तिघेही. स्वतः उचलून लागला तर तिघे देतात, त्यात वाद नाही.

कोणती टाइल टाकावी हे कसे कळायचे?

खरा माहजाँग हाच. बाकी सगळी तयारी. टाइल घेणे एका दिवसात येते. टाकणे मी नऊ वर्षांनीही शिकतेच आहे.

सुरुवात सोपी आहे. एकट्या पडलेल्या वाऱ्याच्या टाइल्स आधी जाऊ द्या, विशेषतः ज्या ना तुमच्या जागेच्या ना चालू फेरीच्या. मग एकटे एक्के आणि नव्व्या. मधले आकडे जपा, कारण पाचाला 3-4, 4-6 आणि 6-7 अशा तिन्ही बाजूंनी जोडीदार मिळतात आणि एक्क्याला फक्त 2-3.

मग हातातल्या अर्ध्या सिक्वेन्सकडे बघा. 5-6 असेल तर 4 चालतो आणि 7 ही. संचात अशा आठ टाइल्स आहेत. 4-6 असेल तर फक्त 5, म्हणजे चार. 1-2 असेल तर फक्त 3, पुन्हा चार. त्यातल्या टेबलावर किती पडून गेल्या ते वजा करा. चारही 3 दिसून गेले असतील तर 1-2 धरून बसण्यात काहीच अर्थ नाही, आणि तरीही नवीन माणूस ते सोडत नाही.

आता दुसऱ्यांकडे बघायला शिका. पोपो मला पहिला महिनाभर हात देतच नव्हत्या. त्यांच्या खुर्चीमागे स्टुलावर बसवायच्या. त्या टाइल उचलून अंगठा खालून फिरवायच्या आणि न बघताच टाकायच्या. डोळे सतत टेबलाच्या मधोमध. इथे जुने लोक टाकलेल्या टाइल्स रांगेत लावत नाहीत, मधे कशाही पडलेल्या असतात, त्यामुळे कुणी काय आणि कधी टाकले हे डोक्यात ठेवावे लागते. एकदा त्यांच्या हातात गोल 7 आला. तीन ठिपके तिरके, खाली चार. त्यांच्या सिक्वेन्सला तो नकोच होता. तरी त्यांनी तो ठेवला आणि जुळलेली जोडी मोडून त्यातली टाइल टाकली. डाव संपल्यावर समोरच्या काकूंचा उघडा हात त्यांनी मला बोटाने दाखवला. काकूंनी सुरुवातीपासून बांबू आणि वान टाकले होते, गोल एकही नाही. त्या 7 साठीच थांबल्या होत्या. मी त्याच टेबलाकडे अर्धा तास बघत होते आणि मला ते दिसले नव्हते.

म्हणून कुणाकडून एखादा रंग यायचा थांबला की तो रंग तुमच्या हातात ओझे समजा. कुणी दोन ड्रॅगनचे पंग उघडे केले असतील तर तिसरा ड्रॅगन टाकू नका. कित्येक टेबलांवर तो टाकणाऱ्यालाच तिघांचे पैसे भरावे लागतात. भिंत संपत आली आणि तुमचा हात दूर असेल तर जिंकायचा नाद सोडा आणि नुकतीच कुणीतरी टाकलेली, कुणी न उचललेली टाइल तुमच्याकडे असेल तर तीच टाका.

आणखी एक. दिसेल तो चाऊ उचलू नका. प्रत्येक उघड्या त्रिकुटाने हात आखडतो, आणि तुम्ही काय जमवता आहात ते सगळ्यांना दिसते.

चुकून खोटा डाव जाहीर झाला तर?

दंड असतो. बहुतेक टेबलांवर खोटा डाव जाहीर करणाऱ्याने तिघांनाही मोठ्या हाताचे पैसे द्यायचे. माझ्याकडून हे झाले आहे. चार त्रिकुटे, एक जोडी, सगळे बरोबर होते. मी आनंदाने हात उघडा केला. पोपोंनी प्रत्येक त्रिकुटावर बोट ठेवत फान मोजले: एक. टेबल तीन फानचे होते. तीन चाऊ मी घाईघाईने उचलून उघडे केले होते आणि हाताची किंमत तिथेच गेली होती. त्या दिवसापासून पहिला चाऊ घेण्याआधी मी मनात विचारते की यातून तीन फान कुठून येणार.

पैसे न लावता खेळता येतो का?

येतो. आम्ही नाशिकला वहीत गुण लिहितो, रमीचे लिहितो तसेच. पण प्रत्येकाला सुरुवातीला ठरावीक चिप्स किंवा चिंचोके द्या. हातातून काही जात नसेल तर कुणी टाइल टाकताना विचारच करत नाही आणि खेळाची अर्धी गंमत जाते. पैसे लावून खेळायला मात्र मी कुणालाच सांगणार नाही. या खेळाने घरे मोडल्याच्या गोष्टी इथल्या लोकांकडूनच ऐकल्या आहेत.

जपानी, अमेरिकन आणि भारतातला माहजाँग वेगळा का?

मूळ एकच, वाढ वेगवेगळी. तैवानमध्ये हातात तेरा नव्हे, सोळा टाइल्स असतात. सिचुआनमध्ये फक्त 108 टाइल्सवर खेळतात, चाऊ नाही, आणि एकाचा डाव लागला तरी बाकीचे खेळत राहतात. जपानी पद्धतीत टाकलेल्या टाइल्स रांगेने लावतात आणि तुमच्या डावाची टाइल तुम्हीच आधी टाकलेली असेल तर ती दुसऱ्याकडून घेता येत नाही. अमेरिकेत जोकर आहेत आणि चालणाऱ्या हातांची यादी दरवर्षी नवी निघते. ती काढणारी संस्था 1937 पासून चालू आहे. चीनच्या क्रीडा खात्याने 1998 मध्ये स्पर्धांसाठी अधिकृत नियम केले. त्यात गुण देणारे 81 प्रकार आहेत आणि डाव लावायला निदान 8 गुण लागतात. सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मुंबई-पुण्याच्या क्लबांमध्ये आणि लष्कर-नौदलाच्या कुटुंबांत माहजाँग वर्षानुवर्षे चालत आला आहे. पण तिथे खास हातांच्या याद्या वेगळ्या असतात. तुमच्या मावशी किंवा सासूबाई तिथे शिकल्या असतील तर त्यांचेच नियम आधी समजून घ्या. ज्या टेबलावर बसायचे त्याचे नियम खरे.

हा खेळ हजारो वर्षांपूर्वीचा आहे ना?

नाही. कन्फ्यूशियसने तो शोधला वगैरे कथा 1920च्या दशकात अमेरिकेत संच खपवताना पसरल्या. चीनमध्ये त्याआधी पैशाच्या चिन्हांची पाने होती, मिंग काळातला चौघांचा 'मादियाओ' त्यातलाच. आजचा माहजाँग 19व्या शतकाच्या मध्यानंतर आकाराला आला. निंगबो शहर आपल्याकडे त्याचे श्रेय घेते, आणि तिथल्या जुन्या थ्येनयी ग्रंथालयाच्या आवारात माहजाँगचे संग्रहालय आहे. पश्चिमेत तो पोचवण्यात सुझोऊमध्ये तेल कंपनीत काम करणाऱ्या जोसेफ बॅबकॉक या अमेरिकन माणसाचा मोठा वाटा. 1920 मध्ये त्याने सोपे केलेले नियम छापले.

संच कोणता घ्यावा?

हाँगकाँग पद्धतीच्या टाइल्स मोठ्या, जपानी लहान. मोठ्याच घ्या. कोरीव काम बोटाला जाणवले पाहिजे. पूर्वी टाइल्स हाडाच्या असत आणि पाठीला बांबू. आता सगळे प्लास्टिकच. इथे हाताने टाइल्स कोरणारे फार थोडे कारागीर उरले आहेत. 2014 मध्ये ही कला हाँगकाँगच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. गोल कोरायला फिरवायचे हत्यार आणि बाकीचे सगळे सुरीने, मग लाल, हिरवा, निळा रंग भरून वरचा रंग खरवडून काढायचा. सावंतवाडीला हाताने गंजिफा रंगवताना बघितले असेल तर ही एकाग्रता तुम्हाला ओळखीची वाटेल.

टेबलावर काय पाळावे?

टाइल जोराने आपटू नका आणि कुणाच्याही भिंतीला उगाच हात लावू नका. खेळणाऱ्याच्या खांद्यावर मागून हात ठेवलेला इथे चालत नाही, नशीब जाते म्हणतात. पुस्तक घेऊनही येऊ नका, कारण कॅन्टोनीजमध्ये पुस्तक आणि हरणे या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, 'स्यू'. लग्नाच्या जेवणाआधी इथे पाहुणे हॉलमध्येच माहजाँग मांडून बसतात. बोलावले तर नक्की जा. फक्त आधी बघत बसा, म्हणजे त्या टेबलाचे नियम कळतील.

आम्ही तिघेच आहोत.

चौथा शोधा. तिघांचे प्रकार आहेत, पण शिकताना नकोत.

किती दिवसांत यायला लागेल?

रमी येत असेल तर नियम एका संध्याकाळी. न बघता मोजणी करायला दोन-तीन महिने, आठवड्यातून एकदा बसलात तर.

भिंत संपली आणि कुणाचाच डाव लागला नाही तर?

शेवटची टाइल उचलून, टाकून झाली की डाव रद्द. कुणी कुणाला काही द्यायचे नाही. हाँगकाँगमध्ये बहुधा पूर्व जागेवरच राहतो, पण हेही आधी ठरवून ठेवा. हात उघडून एकमेकांना दाखवायची सक्ती नसते. तरी शिकत असाल तेव्हा दाखवाच, आणि कोण कशासाठी थांबले होते ते बघा. मग सगळ्या टाइल्स पालथ्या करा आणि पिसायला घ्या.